केसाएवढं भोक

त्या रविवारी मिस्त्रींनी गाडीला तीन लाथा घातल्या, हातातला स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर फेकला, वरच्या मजल्यावरून डोकावणाऱ्या निवृत्त मास्तरांचा त्यांच्या पूर्वजांसकट उद्धार केला आणि मग दोन कप चहा पिऊन ते शांत झाले. म्हणजे दिवस नेहमीसारखाच गेला. पुढे त्यांची मुलगी हा दिवस कितीदा तरी आठवून बघणार होती. पण बोट ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं.

दर रविवारी सकाळी नऊला ती वडिलांकडे यायची. वय बेचाळीस, छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी, डोळ्यांवर जाड चष्मा. आल्या आल्या पिशवी खुंटीला अडकवायची आणि अंगणातल्या जुन्या गाडीत चालकाच्या जागेवर जाऊन बसायची. मिस्त्री उघड्या बॉनेटच्या आड असायचे. तिला फक्त त्यांचा आवाज यायचा.

"सेल्फ मार."

ती किल्ली फिरवायची.

"रेस दे. दे, दे, दे... सोड! सोड म्हटलं ना! पाय आहे का मुसळ?"

"पाय तुमच्यावर गेलाय, बाबा."

"तोंडपण माझ्यावरच गेलंय. फक्त अक्कल तेवढी माझ्यावर जायची राहिली."

गाडी मुलीपेक्षा वयाने मोठी होती. गॅरेज विकलं तेव्हा मिस्त्रींनी सगळं दिलं, ही दिली नाही. गेले दोन महिने तिला एक खोड लागली होती. सकाळी शहाण्यासारखी सुरू व्हायची, दहा-बारा मिनिटं झकास पळायची, मग तीन-चारदा ठसकायची आणि बंद पडायची, तीसुद्धा भर रस्त्यात. मिस्त्री तिथेच बॉनेट उघडायचे, कार्बोरेटर खोलायचे, पेट्रोलने धुवायचे, त्यातले पेट्रोल सोडणारे पितळेचे इवलेसे जेट काढून उजेडात धरायचे, ओठांत धरून फुंकायचे आणि सगळं परत बसवायचे. अर्ध्या तासाचं काम. की गाडी सुरू!

"बघितलंस? कार्बोरेटर," ते म्हणायचे. "गाडी बंद पडली की पहिला हात कार्बोरेटरवर. पन्नास वर्षांत एकदाही चुकलो नाही."

पुढच्या खेपेला बाहेर काढली की गाडी पुन्हा बंद पडायची. दोन महिन्यांत अकरा वेळा त्यांनी तो कार्बोरेटर खोलला होता आणि अकराही वेळा त्यांचंच खरं ठरलं होतं.

मिस्त्रींचा कान शहरात प्रसिद्ध होता. पलीकडच्या फुटपाथवरून गाडी गेली तरी तिचं काय बिनसलंय ते सांगायचे. आणि तेवढाच प्रसिद्ध होता त्यांचा हात. तो हात कामगारांच्या कानशिलावर पडला होता, बायकोच्या पाठीवर पडला होता, एकदा तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडला होता. मुलावर किती वेळा पडला याची तर मोजदादच नव्हती. मुलीला मात्र त्यांनी आयुष्यात बोट लावलं नाही. लोक म्हणायचे, पोरगी नशिबाची. पोरगी काही बोलायची नाही.

चहा पिताना त्या रविवारी त्यांनी विचारलं, "तुझ्या भावाचा फोन येतो का?"

"येतो ना. पंधरा दिवसांनी."

"हात कसा आहे त्याचा?"

महिन्यातून एकदा हा प्रश्न यायचाच, आणि उत्तराला न थांबता ते पुढे बोलायचे. पुढचं वाक्यही तिला पाठ होतं.

"जेट टोचला ते टोचला. चुका होतात. पण एका शब्दाने म्हणाला असता, बाबा चुकलं, तर एवढं झालं नसतं. अकडू! कोणावर गेलाय कोण जाणे."

"कोणावर गेलाय ते सगळ्या गल्लीला माहीत आहे," ती म्हणाली.

मिस्त्री खो खो हसले. त्यांना खोकला आला. ती त्यांची पाठ चोळत राहिली आणि तेव्हाही ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी आलं, दर महिन्याला यायचं तसंच. *बाबा, दादाने नाही टोचला.* तिने ते गिळलं. पुढच्या रविवारी सांगू. एकतीस वर्षं थांबली होती, आठ दिवसांनी काय बिघडणार होतं?

त्याचं असं झालं होतं.

ती अकरा वर्षांची होती, दादा एकोणीसचा. घर गॅरेजच्या वरच होतं. लाकडी जिना उतरला की थेट कामाच्या टेबलापाशी. दुपारी सगळे जेवायला गेले होते. टेबलावर ताटलीत एका वकिलाच्या गाडीचा कार्बोरेटर सुटा करून ठेवला होता. तिला वाटलं, आपण मदत करावी. बाबा आल्यावर म्हणतील, शाबास. तिने एक जेट डोळ्याला लावला, पलीकडचं दिसेना. फुंकला, तरी दिसेना. मग ती वर गेली, आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणली आणि भोकातून आरपार फिरवली. कचरा निघाला. उजेड दिसला. जेट ताटलीत ठेवून ती वर पळाली. बाबांना स्वतःहून कळू दे म्हणून कोणाला बोलली नाही.

जेटमध्ये तार किंवा सुई कधीच घालायची नसते. पितळ मऊ असतं. भोक केसाएवढं मोठं झालं तरी पेट्रोल भसाभसा येतं आणि गाडी गुदमरते. हे गॅरेजमधल्या प्रत्येकाला मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. प्रत्येकाला, म्हणजे कामाला असलेल्या प्रत्येकाला. मुलीला सांगायचं कोणाच्या मनात येणार?

कार्बोरेटर दादाने बसवला. तीन दिवसांनी वकील गाडी ओढत घेऊन आला. त्याची बायको, लहान मूल आणि तो, काळा धूर ओकणाऱ्या गाडीत रेल्वेच्या फाटकात अडकले होते. लोकांनी ढकलून बाहेर काढलं म्हणून वाचले. वकिलाने गॅरेजभर माणसांसमोर मिस्त्रींच्या थोबाडीत मारली. मिस्त्रींनी हात उचलला नाही. वकील गेल्यावर त्यांनी कार्बोरेटर खोलला, जेट उजेडात धरला, आणि आतल्या ओरखड्यांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग चाकाचा पाना उचलला.

"कोणी टोचला?"

"मी नाही," दादा म्हणाला.

पहिला फटका मांडीवर बसला, दुसरा पाठीवर. दादा दर फटक्याला सांगत होता, मी नाही केलं, बाबा, मी नाही केलं. त्याने तोंड वाचवायला उजवा हात वर केला आणि पाना मनगटावर बसला. तो आवाज ओली फांदी मोडल्यासारखा होता. त्यानंतर दादा म्हणाला, "केलं. मी केलं. आता बस."

ती जिन्याच्या सहाव्या पायरीवर उभी होती. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तोंड उघडं होतं, त्यातून काही येत नव्हतं.

हाड वाकडं जुळलं. महिनाभराने दादा घर सोडून गेला. आईच्या शेवटच्या आजारात दोन दिवस आला, तोही इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिला. बापाशी तो एकतीस वर्षांत एक शब्द बोलला नाही.

रविवार असा संपला. सोमवारी सकाळी अकरा वाजता छापखान्यात तिला फोन आला.

झालं ते चौकीतल्या हवालदाराने तिला सांगितलं, कागदावरून वाचून दाखवावं तसं. मिस्त्री एकटेच गाडी घेऊन निघाले होते. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे पावाची व्हॅन. दुसरा कोणी असता तर त्याने गाडी कडेला घेतली असती. मिस्त्रींनी तिथेच, रस्त्याच्या मधोमध, बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटर खोलायला घेतला. मागे रांग लागली. भोंगे वाजायला लागले. व्हॅनवाला उतरला, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या. मग त्याने बॉनेट धरून खाली आदळलं. मिस्त्रींची चार बोटं त्यात सापडली.

"ओरडले नाहीत म्हणे," हवालदार म्हणाला. "बोटं काढली, पाना घेतला आणि त्याच्या खांद्यावर घातला. गळ्यापासचं हाड मोडलं त्याचं. परत पाना उगारला. त्याने चांगल्या हाताने ढकललं. हे मागे गेले. मधल्या दगडी कठड्यावर डोकं."

हवालदाराने कागद खाली ठेवला. "वय काय होतं?"

"चौऱ्याहत्तर."

"बापरे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात किंचित आदर होता. त्याबद्दल तिने त्याला कधीच माफ केलं नाही.

इस्पितळात कोणीतरी मिस्त्रींची नखं स्वच्छ करायचा प्रयत्न केला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याचं थोडंसं निघालं होतं, बाकीचं काळं तसंच. ती त्या अर्धवट धुतलेल्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. सही कर म्हणाले तिथे तिने सही केली.

दादा संध्याकाळी पोचला. पन्नाशीचा, सडपातळ, कपाळावरचे केस मागे सरकलेले. दुसऱ्या शहरात तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून बोलत राहायचं आणि त्यांना बाहेर काढायचं, हे त्याचं काम. त्यामुळे त्याचा आवाज सवयीनेच मऊ झाला होता. उजवं मनगट अर्ध्याच्या पुढे वळायचं नाही. सगळं डाव्या हाताने करायचा.

तो रडला नाही. लोक भेटायला यायचे, मिस्त्रींच्या कानाची वाहवा करायचे, हाताबद्दल कोणी बोलायचं नाही. दादा सगळ्यांना बसा म्हणायचा, पाणी द्यायचा. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. एकाला सांगायचं तर कायमचं राहून गेलं. निदान हा तरी जिवंत आहे. दुपार व्हायची आणि ती भांडी घासत असायची.

नवव्या दिवशी चौकीतून निरोप आला, गाडी घेऊन जा. भंगारवाल्याशी बोलणं झालंच होतं. त्याचं आवार पुलाच्या पलीकडे होतं.

"तो ओढून न्यायला टेम्पो पाठवतो म्हणाला," ती म्हणाली.

"नको. चालवत नेऊ."

"दादा, ती बंद पडते. दोन महिन्यांत अकरा वेळा बाबांनी कार्बोरेटर खोलला."

"म्हणूनच," दादा म्हणाला. "मला बघायचंय ती का बंद पडते. माणूस कशापायी गेला ते कळायला नको का?"

चौकीच्या मागच्या आवारात गाडी धूळ खात उभी होती. मिस्त्रींनी अर्धवट खोललेले चार स्क्रू दादाने पिळून घट्ट केले. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. ती शेजारी बसली. पायाशी मिस्त्रींची हत्यारांची पेटी, तिच्यावर चाकाचा पाना. तो पोलिसांनी ठेवून घेतला नव्हता. हवालदार म्हणाला होता, मारणारा मेला, त्याचं हत्यार कशाला?

बाराव्या मिनिटाला, शाळेच्या भिंतीपाशी, गाडी ठसकली. दादाने ती उतरतीवर सोडली आणि कडेला लावली.

"नेहमी अशीच जाते? आधी ठसकते?"

"हो. रेस दिली तर जास्तच."

"म्हणजे उपाशी मरतेय." त्याने बॉनेट उघडलं, फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्बोरेटरच्या घशाकडे बोट दाखवलं. "इथे बघ. मी ही दांडी ओढतो, आत पेट्रोलची पिचकारी उडायला हवी."

त्याने दांडी ओढली. घसा कोरडा ठणठणीत.

"मग कार्बोरेटर खोलायचा?"

"का? घरात पाणी येत नाही म्हणून तू नळ खोलत बसतेस? आधी गच्चीवरची टाकी बघतेस ना?"

"मी शेजारणीला विचारते, तुमच्याकडे आलंय का."

दादा हसला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची नळी काढून त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरली. "सेल्फ मार."

तिने शेजारून हात लांबवून किल्ली फिरवली. बाटलीत दोन थेंब पडले आणि थोडा फेस आला.

"पंप ओढतोय," दादा म्हणाला. "पण मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय." तो फडक्याला हात पुसत विचार करत उभा राहिला. पलीकडे शाळा सुटली, पोरं ओरडत गेली, रस्ता मोकळा झाला. अर्धा तास होऊन गेला. "परत मार बघू."

या वेळी बाटलीत पेट्रोल पिचकारीसारखं आलं. दादाच्या कपाळावर आठी पडली. "आता कसं आलं? मी तर काहीच केलं नाही."

नळी लावली. गाडी सुरू झाली.

ते पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले. दादा समोर बघतच म्हणाला, "एक सांगू? तो जेट त्यानेच टोचला होता."

ती त्याच्याकडे वळली. "कोणी?"

"म्हाताऱ्याने. दुसरं कोण? चाळिशी लागली होती, चष्मा लावायची लाज. भोक दिसलं नसेल, घातली असेल तार. पुढे वकिलाने तोंड फोडलं, मग कोणाला तरी मारायलाच हवं होतं. मी मार खाताना त्याच्या डोळ्यांत बघत होतो. त्याला माहीत होतं." स्टिअरिंग वळवताना त्याचं वाकडं मनगट अडखळलं. "नुसतं मारलं असतं ना, तर मी दोन वर्षांत परत आलो असतो. मारायचा तो सगळ्यांनाच. पण स्वतःची चूक माझ्या हाडावर फोडली. ते मी नाही विसरू शकलो. आईसाठीसुद्धा नाही."

बोल, तिने स्वतःला म्हटलं. आता बोल. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "खिडकी लावू का? धूळ येतेय."

"लाव की," दादा म्हणाला.

पुलाचा चढ लागला. मधला दगडी कठडा दिसला आणि तिने मान वळवली. त्याच क्षणी गाडी ठसकली. एकदा, दोनदा, तीनदा. मेली.

दादाने हँडब्रेक ओढला. घड्याळाकडे पाहिलं. "तेरा मिनिटं," तो म्हणाला. मागे लगेच भोंगा वाजला. दादा उतरला, पण बॉनेटकडे गेला नाही. तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला. ती आरशात बघत राहिली. त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स असा आवाज आला. गाडी आत हवा ओढत होती. आवाज थांबेचना, पाण्यातून वर आलेला माणूस श्वास घेतो तसा लांबच लांब.

"सेल्फ मार!" दादा ओरडला.

अर्ध्या चावीत इंजिन लागलं.

तो झाकण घेऊन तिच्या खिडकीशी आला.  "हे झाकण कधीचं?"

"नवीन आहे. दोन महिन्यांपूर्वी जुनं पेट्रोलपंपावर राहिलं. बाबांनीच दुकानातून आणलं."

"याला भोक नाहीये." त्याने झाकण उलटसुलट करून दाखवलं. "पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. जुन्या झाकणाला भोक असतं, केसाएवढं. याला नाही. दहा-बारा मिनिटांत टाकी गुदमरते, पेट्रोल सोडत नाही. नुसतं उभं राहिलं की कुठल्यातरी फटीतून हळूहळू हवा शिरते, अर्ध्या तासात परत सुरू." त्याने बॉनेटकडे पाहिलं. "कार्बोरेटर खोलून धुवायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास," ती म्हणाली.

"अर्धा तास." दादा हसायला लागला. ते हसू तिला बघवेना. "अकरा वेळा! अकरा वेळा त्याने तो कार्बोरेटर सोलून काढला, त्याच्यात काहीही नसताना. आणि दर वेळी गाडी सुरू झाली, म्हणून दर वेळी त्याचंच खरं!"

मागे आता तीन-चार भोंगे एकदम वाजत होते. दादाने दार उघडलं, तिच्या पायाशी वाकला आणि पाना उचलला.

"दादा, ठेव तो."

त्याने पहिला फटका बॉनेटवर घातला. पत्र्याला खड्डा पडला. दुसऱ्या फटक्याला दिवा फुटला, तिसऱ्याला दुसरा दिवा. "एकदा तरी दुसरीकडे बघ!" तो ओरडत होता, आणि आवाज त्याचा नव्हता, तिने तो आवाज आयुष्यभर बॉनेटच्या आडून ऐकला होता. "एकदा तरी दुसरीकडे बघ ना, म्हाताऱ्या!" समोरची काच फुटली. काचेचा चुरा तिच्या मांडीवर, केसांत, चष्म्यावर आला. दादा डाव्या हाताने मारत होता आणि वाकडा उजवा हात त्याच्या बरोबरीने हवेत हलत होता. इंजिन आपलं चालूच होतं, एकही ठसका नाही.

मागच्या टेम्पोतून एक आडदांड माणूस उतरला. टेम्पोत पाण्याचे मोठे जार होते. त्याच्या गळ्यात टॉवेल, तोंडात काहीतरी चघळणं चालू.

"ओ साहेब, गाडी फोडायची तर घरी नेऊन फोडा की! आम्हाला कशाला खेळ दाखवता?"

दादा वळला नाही.

"ए, तुझ्याशी बोलतोय! हटव ते डबडं. रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"

दादा वळला.

ती दार उघडून बाहेर पडेपर्यंत पहिला फटका बसलाही होता. टेम्पोवाल्याने कोपर मध्ये घातलं, म्हणून डोकं वाचलं. तो कळवळला आणि मागे त्याच कठड्यावर आदळला. दगडावर पाठ टेकून तो घसरत खाली बसला. तोंडातला मुखरस हनुवटीवरून ओघळला. "नको," तो म्हणाला, "ओ, नको, पोरंबाळं आहेत." भोंगे थांबले होते. लोक गाड्यांतून उतरले होते, पण जवळ कोणी येत नव्हतं. दादाने पाना दोन्ही हातांत धरून वर उचलला.

तिने मागून त्याच्या हातांना विळखा घातला. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. चष्मा उडाला, ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. तिने सोडलं नाही. तो तिला ओढत एक पाऊल पुढे गेला. ती त्याच्या आणि त्या माणसाच्या मध्ये शिरली आणि टेम्पोवाल्याला पाठ लावून उभी राहिली. चष्म्याशिवाय दादाचा चेहरा तिला धूसर दिसत होता. वर उगारलेला पाना मात्र स्पष्ट दिसत होता.

"हो बाजूला."

"नाही होत."

"हो बाजूला म्हणतो ना! तुला काय माहीत आहे? तुला त्याने कधी हात लावला नाही. तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पुलावरच्या सगळ्यांना ऐकू गेला असावा. "बाबांनी नाही टोचला तो जेट. त्यांनी नाही आणि तूही नाही. मी टोचला. आईच्या डब्यातल्या सुईने, दुपारी, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. बाबांना वाटलं तूच टोचलास, तू तसं कबूल केलंस म्हणून. तुला बाबा खोटे वाटले, मी काही म्हणाले नाही म्हणून. तुला मारत होते तेव्हा मी जिन्यात उभी होते, दादा. पहिल्या फटक्यापासून. तू म्हणत होतास मी नाही केलं, आणि मला माहीत होतं तू खरं बोलतोयस, आणि हाड मोडलं तेही मी ऐकलं, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, बोलले तर तो पाना माझ्याकडे वळेल. म्हणून मी तो तुझ्यावर पडू दिला. एकतीस वर्षं पडू दिला. आता मार."